मद्रासचे दोन पुत्र आणि अमेरिकेचा दरवाजा

ब्रिटिश पॉप संगीताच्या इतिहासात मद्रास या शहराचे नाव दोनदा येते आणि दोन्ही वेळा ते जन्मस्थान म्हणून येते. २ मे १९३६ रोजी या शहरात आर्नल्ड जॉर्ज डॉर्सी या मुलाचा जन्म झाला. एंगलबर्ट हम्परडिंक हे अवघड नाव धारण करून तो पुढे गायक झाला आणि अमेरिकेतील श्रोत्यांनी त्याला आपलेसे केले. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९४१ रोजी, त्याच शहरात पीटर बेस्ट जन्मला. बीटल्स या जगप्रसिद्ध चमूत तो दोन वर्षे ड्रम वाजवीत होता. मात्र या चमूने अमेरिकेत पाऊल ठेवले त्या वेळी तो चमूत नव्हता. या दोघांच्या जोडीला आणखी एक नाव घ्यावयास हवे. १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौला जन्मलेला हॅरी वेब हा क्लिफ रिचर्ड या नावाने ब्रिटनचा अत्यंत लोकप्रिय गायक झाला. परंतु अमेरिकेने दीर्घकाळ त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली.

ही तिन्ही मुले भारतातील ब्रिटिश अमलाच्या अखेरच्या काळात जन्मली आणि १९४५ ते १९४८ या वर्षांत बोटीने इंग्लंडला गेली. त्यांच्या गाण्यात किंवा वादनात भारतीय संगीताचा अंश शोधण्यात अर्थ नाही. तथापि, एकाच प्रकारच्या पार्श्वभूमीतून आलेल्या या तिघांपैकी एकाला अमेरिकेत मानाचे स्थान मिळाले, दुसऱ्याला दाराशी थांबावे लागले आणि तिसऱ्याला दार उघडण्यापूर्वीच बाजूला करण्यात आले. असे का झाले याचा शोध घेतला म्हणजे एका देशातील लोकप्रिय कला दुसऱ्या देशात रुजते कशी आणि रुजत नाही ती का, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

भाषा एक, बाजारपेठा दोन

ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांची भाषा इंग्रजी. तेव्हा लंडनमध्ये गाजलेले गाणे न्यूयॉर्कमध्येही सहज गाजावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. १९६० च्या सुमारास ब्रिटनची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आसपास, तर अमेरिकेची सुमारे अठरा कोटी होती. ध्वनिमुद्रिकांचा खप हाच ज्या व्यवसायाचा प्राण, त्याच्या दृष्टीने अमेरिका ही जगातील सर्वांत मोठी पेठ होती. स्वदेशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या ब्रिटिश गायकाला तेथे जावेसे वाटणे स्वाभाविक होते. पण अमेरिकेला त्याची गरज वाटत नव्हती.

याचे पहिले कारण मालाच्या ओघाची दिशा हे होय. जॅझ, ब्लूज, रॉक अँड रोल हे सारे प्रकार अमेरिकेत जन्मले आणि तेथून ब्रिटनमध्ये आले. तरुण ब्रिटिश गायक एल्विस प्रेस्लीच्या ध्वनिमुद्रिका ऐकून गाणे शिकत. अशा गायकाने अमेरिकेत जाऊन तेच संगीत विकणे म्हणजे कोकणात नारळ विकायला नेण्यासारखेच होते. मूळ माल घरी असताना त्याची नक्कल विकत कोण घेणार, अशी अमेरिकन व्यावसायिकांची समजूत होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. अपवाद होते, नाही असे नाही. १९५२ मध्ये व्हेरा लिन हिने आणि १९६२ मध्ये क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्क याने अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला होता. मात्र हे यश एकेका गाण्याचे होते. त्या वाटेने दुसरे कोणी गेले नाही.

दुसरे कारण नभोवाणीच्या रचनेत सापडते. ब्रिटनमध्ये बीबीसी ही एकच संस्था होती. तिच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांच्या वाहिनीवर एखादे गाणे लागले की ते एकाच वेळी साऱ्या देशाच्या कानी पडे. अमेरिकेत असे एकच दार नव्हते. तेथे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी हजारो खाजगी केंद्रे होती आणि प्रत्येक शहरातील निवेदक आपापल्या पसंतीने ध्वनिमुद्रिका लावीत असे. एखादे गाणे देशभर पोहोचवायचे तर प्रत्येक शहरात कंपनीचा प्रतिनिधी हवा, त्याचे त्या निवेदकाशी संबंध हवेत. हे संबंध नेहमीच निर्मळ असत असे नव्हे. गाणे लावण्यासाठी निवेदकांना पैसे चारले जात असल्याचे १९५९ व १९६० मधील चौकश्यांत उघडकीस आले आणि त्यानंतर कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरविण्यात आला. जुन्या काळी आपली संगीत नाटक मंडळी परप्रांतात दौऱ्यावर निघत, तेव्हा तेथल्या गावाची नाडी ओळखणारा कंत्राटदार त्यांना लागत असे. अमेरिकेत जाणाऱ्या परक्या गायकाला असा कंत्राटदार एक नव्हे, शंभर ठिकाणी लागत होता.

तिसरे कारण वादकांच्या संघटनांचे. दोन्ही देशांतील संघटनांना परदेशी वादकांमुळे आपल्या सभासदांचा रोजगार बुडेल अशी धास्ती होती. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे या धास्तीमुळे वाद्यवृंदांची ये-जा जवळपास बंद होती. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर ती पुन्हा सुरू झाली, ती देवाणघेवाणीच्या तत्त्वावर. इकडचे जितके वादक तिकडे जातील तितकेच तिकडचे इकडे यावेत, असा तो हिशेब होता. या संघटनांचे सामर्थ्य पुढेही कायम होते. किंक्स या गाजलेल्या ब्रिटिश चमूला १९६५ च्या दौऱ्यानंतर अमेरिकन संघटनेने परवाने नाकारले आणि १९६९ पर्यंत त्यांना त्या देशात कार्यक्रम करता आले नाहीत. कीर्तीच्या शिखरावरची चार वर्षे अशा रीतीने वाया गेली.

लखनौच्या मुलाची कहाणी

क्लिफ रिचर्डच्या बाबतीत ही सर्व कारणे एकवटली. १९५८ पासून ब्रिटनमध्ये त्याची गाणी एकामागून एक गाजत होती. ईएमआय ही त्याची कंपनी. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर जे कुत्र्याचे चित्र अनेक पिढ्यांनी पाहिले, ते ब्रिटनमध्ये याच ईएमआयचे बोधचिन्ह होते. पण अटलांटिक ओलांडला की त्या चित्राचा मालक बदले. अमेरिकेत ते आरसीए व्हिक्टर या कंपनीचे होते. क्लिफच्या ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये ‘कोलंबिया’ या नाममुद्रेखाली निघत. अमेरिकेत ते नावही एका वेगळ्याच कंपनीचे होते. परिणामी त्याची गाणी तेथे कधी या, तर कधी त्या कंपनीच्या हाती सोपविली गेली. आपला स्वतःचा गायक पुढे आणण्यात प्रत्येक कंपनीला जे स्वारस्य असते, ते परक्याच्या गायकाविषयी असण्याचे कारण नव्हते.

१९५९ मध्ये ‘लिव्हिंग डॉल’ हे त्याचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत ते तिसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकले नाही. १९६० च्या आरंभी त्याने अमेरिकेचा दौरा केला, तोही अनेक अमेरिकन गायकांच्या एकत्रित कार्यक्रमातील एक जोडपाहुणा म्हणून. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण दुकानांतून त्याची ध्वनिमुद्रिका मिळाली पाहिजे, नभोवाणीवर ती लागली पाहिजे, ही पुढची साखळीच जुळली नाही. टाळ्या तेथेच विरल्या.

त्याच्या साथीदार वादकांचा अनुभव याहून बोलका आहे. या चमूने आरंभी ‘ड्रिफ्टर्स’ असे नाव घेतले होते. अमेरिकेत त्याच नावाचा एक प्रसिद्ध गायकचमू आधीपासून होता. अमेरिकेत ध्वनिमुद्रिका निघताच तिकडून कायदेशीर हरकत आली आणि १९५९ मध्ये चमूला ‘शॅडोज’ हे नवे नाव घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी वाजविलेली ‘अपाचे’ ही धून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. अमेरिकेतही ‘अपाचे’ गाजली, दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. परंतु ती शॅडोजची नव्हती. डेन्मार्कच्या यॉर्गेन इंगमान या गिटारवादकाने तीच धून वाजवून ध्वनिमुद्रित केली होती आणि १९६१ मध्ये अमेरिकन श्रोत्यांनी तिलाच उचलून धरले. गुणवत्ता असली म्हणजे माल खपतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धून तीच होती. योग्य वेळी योग्य कंपनीच्या हाती असणे, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेत पहिल्या दहांत यावयास क्लिफला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वेळी ‘डेव्हिल वुमन’ हे त्याचे गाणे सहाव्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमधील पहिल्या यशानंतर अठरा वर्षे उलटून गेली होती.

मद्रासचा ड्रमवादक

पीटर बेस्टची आई मोना हिचाही जन्म भारतातलाच, दिल्लीचा. १९४५ च्या अखेरीस हे कुटुंब बोटीने लिव्हरपूलला उतरले, तेव्हा पीटर चार वर्षांचा होता. पुढे या बाईने आपल्या प्रशस्त घराच्या तळघरात तरुणांसाठी ‘कॅस्बा’ नावाचा कॉफी क्लब काढला. २९ ऑगस्ट १९५९ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्या दिवशी ज्या मुलांनी वाजविले, त्यांत जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे होते. बीटल्सच्या उदयाची हकीकत सांगताना या तळघराचा उल्लेख टाळता येत नाही.

ऑगस्ट १९६० मध्ये चमूला जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे काम मिळाले. त्यासाठी ड्रमवादक हवा होता. पीटरला घेण्यात आले. हॅम्बुर्गच्या क्लबांतून रात्रीमागून रात्री, तासन् तास वाजवीत या मुलांनी आपली कला घडविली. पीटर त्या परिश्रमांत बरोबरीचा वाटेकरी होता. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनच्या डेका कंपनीने त्यांची चाचणी घेतली आणि त्यांना नाकारले. त्या चाचणीच्या वेळीही ड्रमवर पीटरच होता. ६ जून १९६२ रोजी ईएमआयच्या ॲबे रोड येथील स्टुडिओत चमूचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. निर्माता जॉर्ज मार्टिन यास ड्रमवादन पसंत पडले नाही. ध्वनिमुद्रणासाठी आपण बाहेरचा अनुभवी वादक आणू, असे त्याने सुचविले. निर्मात्यांनी असे करणे त्या काळी नवे नव्हते आणि एवढ्यावरून पीटरला काढावेच लागले असते असे नाही. पण १६ ऑगस्ट १९६२ रोजी चमूचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याने त्याला कार्यालयात बोलावून निर्णय सांगितला. निर्णय इतर तिघांचा होता. तो तोंडावर सांगायला त्यांच्यापैकी कोणी आले नाही. त्याच्या जागी रिंगो स्टार आला. लिव्हरपूलमधील चाहत्यांत इतका क्षोभ उसळला की त्या गडबडीत हॅरिसनचा डोळा सुजला.

पीटरला काढण्याच्या कारणांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्याच्या वादनाला दोष देतात, कोणी त्याचा अबोल स्वभाव पुढे करतात, कोणी इतरांच्या मत्सराकडे बोट दाखवतात. येथे एवढेच नोंदविणे पुरे की पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होण्यास तेव्हा सात आठवडे आणि अमेरिका हाती येण्यास अठरा महिने उरले होते.

पीटरनेही पुढे अमेरिकेत नशीब अजमावून पाहिले. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याच्या स्वतःच्या चमूची एक दीर्घ ध्वनिमुद्रिका तेथे निघाली. ‘बेस्ट’ हे त्याचे आडनाव, आणि इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ ‘सर्वोत्तम’. या योगायोगाचा फायदा घेऊन कंपनीने तिला असे नाव दिले की गिऱ्हाइकाला ती बीटल्सच्या निवडक गाण्यांचीच वाटावी. घरी नेऊन ऐकणाऱ्यांची निराशा झाली. फसवणुकीचा राग कंपनीऐवजी वादकावर निघाला असल्यास नवल नाही. या दशकाच्या अखेरीस पीटरने संगीताचा व्यवसाय सोडला आणि लिव्हरपूलमधील सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी धरली. कामगारांना काम मिळवून देण्याच्या त्या नोकरीत त्याने सुमारे वीस वर्षे काढली. १९९५ मध्ये बीटल्सच्या जुन्या अप्रसिद्ध ध्वनिमुद्रणांचा संग्रह बाजारात आला. त्याच्या पहिल्या भागात पीटरने वाजविलेली दहा गाणी होती. त्यांचे मानधन त्याला तेव्हा, म्हणजे तेहतीस वर्षांनी मिळाले.

दरवाजा उघडला तो कसा

१९६३ हे वर्ष बीटल्सने ब्रिटनमध्ये गाजवून सोडले. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी ते तीनदा अपयशी ठरले. ईएमआयने १९५५ मध्ये कॅपिटल ही अमेरिकन कंपनी विकत घेतली होती. म्हणजे दार घरचेच होते. तरीही परदेशी ध्वनिमुद्रिकांची निवड करणारे कॅपिटलचे अधिकारी प्रत्येक वेळी नकार देत राहिले. नाइलाजाने ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणे शिकागोच्या व्ही-जे या लहान कंपनीला देण्यात आले. तिने ध्वनिमुद्रिकेवर चमूचे नाव छापताना एक ‘टी’ जास्तच छापला! सप्टेंबरात ‘शी लव्ज यू’ हे गाणे फिलाडेल्फियाच्या स्वान कंपनीने काढले, तेही पडले. त्याच महिन्यात जॉर्ज हॅरिसन इलिनॉय राज्यातील बेंटन या गावी आपल्या बहिणीकडे राहावयास गेला होता. ब्रिटनमध्ये ज्याला रस्त्यावरून चालणे मुश्कील झाले होते, तो तरुण तेथे खुशाल हिंडत असे. कोणी त्याला ओळखत नव्हते.

यानंतर चार महिन्यांत चित्र पालटले. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी दूरचित्रवाणीवरील प्रख्यात कार्यक्रमाचा सूत्रधार एड सलिव्हन लंडनच्या विमानतळावर होता. परतणाऱ्या बीटल्सच्या स्वागतासाठी जमलेला जनसागर त्याने पाहिला. एपस्टाइन नोव्हेंबरात न्यूयॉर्कला गेला आणि सलिव्हनशी त्याने तीन कार्यक्रमांचा करार केला. तिन्ही मिळून मोबदला केवळ दहा हजार डॉलर ठरला. त्याच्या मोबदल्यात एपस्टाइनने मागितला तो मान: कार्यक्रमात प्रमुख स्थान. क्लिफ रिचर्ड जोडपाहुणा म्हणून गेला होता; एपस्टाइनने ती वाट नाकारली. पैसा सोडला, पण यजमानाच्या पंक्तीतले पहिले पान मागून घेतले. या एका निर्णयात त्याची व्यावसायिक समज दिसून येते. करार हाती आल्यावर कॅपिटललाही हालचाल करणे भाग पडले. तिने जाहिरातीसाठी चाळीस हजार डॉलरची तरतूद केली. अशा नवख्या चमूसाठी ही रक्कम त्या काळी फारच मोठी होती.

यापुढची घटना कोणाच्याही योजनेत नव्हती. वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने दूरचित्रवाणीवरील बातम्यांत बीटल्सना पाहिले आणि असे संगीत आपल्याकडे का ऐकायला मिळत नाही, असे स्थानिक नभोवाणी केंद्राला कळविले. त्या केंद्राचा निवेदक कॅरल जेम्स याने विमानकंपनीच्या एका परिचारिकेकरवी ब्रिटनहून ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ ही ध्वनिमुद्रिका मागविली आणि १७ डिसेंबर १९६३ रोजी ती लावली. केंद्राचे दूरध्वनी खणखणू लागले. इतर शहरांतील केंद्रांनीही त्याची री ओढली. कॅपिटलने जानेवारीच्या मध्यास ठरलेले प्रकाशन अलीकडे ओढून २६ डिसेंबरला केले. १ फेब्रुवारी १९६४ च्या क्रमवारीत गाणे पहिल्या क्रमांकावर आले. ७ फेब्रुवारीला चमू न्यूयॉर्कला उतरला आणि ९ फेब्रुवारीचा सलिव्हनचा कार्यक्रम सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी पाहिला. ४ एप्रिलच्या क्रमवारीतील पहिले पाचही क्रमांक बीटल्सचे होते.

या यशाचे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. शोकाकुल राष्ट्राला आनंदाचे निमित्त हवे होते, ते या चार तरुणांनी दिले, असे म्हटले जाते. या म्हणण्यात काही तथ्य असेलही. पण सलिव्हनचा करार हत्येपूर्वीचा होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय या स्पष्टीकरणाने एक गोष्ट झाकली जाते. जे ‘शी लव्ज यू’ सप्टेंबरात कोणी विकत घेतले नव्हते, तेच गाणे मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गाण्यात एक सूरही बदललेला नव्हता. बदलली होती ती भोवतालची व्यवस्था: कंपनीचे भांडवल, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही तिन्ही चाके प्रथमच एका दिशेने फिरू लागली होती.

मद्रासचा गायक

आर्नल्ड डॉर्सी दहा भावंडांपैकी एक. वडील ब्रिटिश सैन्यात होते. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब मद्रास सोडून लेस्टर येथे स्थायिक झाले. ‘जेरी डॉर्सी’ या नावाने त्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस गाण्यास आरंभ केला. पहिली ध्वनिमुद्रिका पडली. १९६० च्या दशकाच्या आरंभी क्षयाने गाठले आणि कित्येक महिने अंथरुणात गेले. बरा होऊन परत आला, तेव्हा त्याला जवळजवळ सर्व विसरले होते.

१९६५ मध्ये गॉर्डन मिल्स या व्यवस्थापकाने त्याला हाताशी धरले आणि त्याचे नाव बदलले. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या संगीतिकेचा कर्ता एंगलबर्ट हम्परडिंक (१८५४–१९२१) या जर्मन संगीतकाराचे नाव त्याने जसेच्या तसे उचलले. नाव इतके विचित्र की एकदा ऐकले की विसरणे शक्य नाही, हाच त्यामागचा हिशेब. जर्मनीत त्या संगीतकाराच्या वारसांनी हरकत घेतली, त्यामुळे तेथे हा गायक नुसता ‘एंगलबर्ट’ म्हणून ओळखला जातो. शॅडोजना एका बाजारपेठेसाठी आपले नाव टाकावे लागले. येथे गायकाने एक नाव टाकले आणि दुसरे उसने घेतले, तेही एका देशात अर्धे परत करावे लागले.

१९६७ च्या आरंभी लंडन पॅलेडियममधील दूरचित्रवाणी कार्यक्रमात एक गायक आजारी पडला म्हणून एंगलबर्टला आयत्या वेळी उभे करण्यात आले. त्याने ‘रिलीज मी’ हे गाणे म्हटले. काही दिवसांत हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, सहा आठवडे तेथे राहिले आणि एकूण छप्पन आठवडे क्रमवारीत टिकून राहिले. त्याच सुमारास निघालेल्या बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेला यामुळे दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ज्या चमूतून मद्रासच्या एका मुलाला काढून टाकले होते, त्या चमूला मद्रासच्याच दुसऱ्या मुलाने अडविले!

अमेरिकेत ‘रिलीज मी’ चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. या यशामागे तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे वाट आधीच मोकळी झालेली होती. १९६४ नंतर ब्रिटिश नाव हे अमेरिकेत व्यंग राहिले नव्हते. दुसरी, त्याच्या डेका या कंपनीची स्वतःची अमेरिकन शाखा होती आणि ‘पॅरट’ या नाममुद्रेखाली ती त्याच्या ध्वनिमुद्रिका काढीत होती. क्लिफप्रमाणे त्याला दारोदार फिरावे लागले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत लक्षणीय आहे. ‘रिलीज मी’ हे मुळात अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाचे जुने गाणे होते आणि अनेक अमेरिकन गायकांनी ते पूर्वीच म्हटले होते. अमेरिकनांना त्यांचेच गाणे त्याने परत ऐकविले, पण ते कोट-टायमधल्या सभ्य लंडनी गायकाच्या थाटात, भरगच्च वाद्यवृंदासह. तरुणांच्या गोंगाटाला कंटाळलेल्या मध्यमवयीन श्रोत्यांचा एक मोठा वर्ग होता. त्याला हे रुचले. नारळ कोकणातच विकला गेला, तो वेगळ्या रीतीने सोलून दिल्यामुळे. पुढे लास व्हेगासच्या रंगमंचावर त्याने वर्षानुवर्षे बस्तान बसविले. १९७० मध्ये त्याच्या नावाची कार्यक्रममालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झाली आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आफ्टर द लव्हिन’ पुन्हा पहिल्या दहांत पोहोचले.

चेन्नईहून ब्रॉडवेकडे

मद्रासचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले. या शहरातून याच वाटेने जाणारा तिसरा प्रवासी मात्र येथील मातीतच घडलेला होता. ए. आर. रहमान यांनी संगीत दिलेली ‘बॉम्बे ड्रीम्स’ ही संगीतिका १९ जून २००२ रोजी लंडनच्या अपोलो व्हिक्टोरिया नाट्यगृहात रंगमंचावर आली. निर्माते होते अँड्र्यू लॉइड वेबर. लंडनमध्ये भारतीय वंशाचा मोठा प्रेक्षकवर्ग आहे आणि हिंदी चित्रपटांची ओळख इतरांनाही आहे. प्रयोग दोन वर्षे चालले. न्यूयॉर्कला नेताना अमेरिकन प्रेक्षकाला समजावे म्हणून संहितेत फेरफार करण्यात आले. २९ एप्रिल २००४ रोजी ब्रॉडवेवर पहिला प्रयोग झाला आणि १ जानेवारी २००५ रोजी, २८४ प्रयोगांनंतर, पडदा पडला. लंडनमध्ये जो प्रेक्षक आयता होता, तो न्यूयॉर्कमध्ये घडवावा लागला असता. तेवढा अवधी मिळाला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा ब्रिटिश गायकांचा अनुभव एका चेन्नईकराच्या वाट्याला असा आला.

२००८ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या चित्रपटाने रहमान यांना ते दार उघडून दिले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांतील एक ‘जय हो’ या गुलजार यांनी लिहिलेल्या हिंदी गीतासाठी होते. गाण्याची भाषा बदललेली नव्हती आणि ते अमेरिकनांसाठी सोपेही केलेले नव्हते. तरीही नोंद करण्यासारखी गोष्ट ही, की अमेरिकेच्या क्रमवारीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेले ते याच चालीवरचे इंग्रजी रूप, पुसीकॅट डॉल्स या अमेरिकन चमूने गायलेले. ‘अपाचे’चा इतिहास काही अंशी पुन्हा घडला. मात्र या वेळी मूळ रचनाकाराचे नाव आणि हक्क दोन्ही सुरक्षित राहिले.

या सर्व उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. परकी बाजारपेठ एखाद्या कलावंताला नाकारते, तेव्हा त्याच्या कलेचा निवाडा झालेला असतो असे मानणे घाईचे ठरेल. ध्वनिमुद्रिका कोणाच्या हाती होती, ती श्रोत्यांच्या कानी किती वेळा पडली, करार कोणत्या अटींवर झाला, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. तसेच एखाद्याला यश लाभते, तेव्हा त्या यशापूर्वी कोणाचे नाव, कोणाची जागा गेली, हेही पाहिले पाहिजे. हॅम्बुर्गमधील त्या कष्टाच्या रात्रींत बीटल्सचा ठेका धरणारे हात मद्रासला जन्मलेल्या मुलाचे होते. १९६४ च्या फेब्रुवारीत त्या सात कोटी तीस लाख प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते.